आठव्या महिन्याची

बीडच्या दवाखान्यातून मला सोडलं त्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "घरी बघायला कोण हाय?" आणि मला त्या प्रश्नाचा रागच आला. कोण म्हणजे काय? माझी आई आहे की! गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींना जिनं न्हाऊ-माखू घातलं, ती बाई. मी ठसक्यात म्हणाले, "आई आहे. मला कशाची फिकीर?" सिस्टर म्हणाली, "मग बरंय," आणि तिनं सूचनांची यादी माझ्या हातात दिली. ती यादी मी अजून कपाटात ठेवली आहे. किती दूध, किती वेळा, कोणते थेंब, सगळं त्यात लिहिलेलं आहे. आईवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एवढं मात्र लिहिलेलं नाही.

माझी लेक तेहतिसाव्या आठवड्यात झाली. म्हणजे आठवा महिनाही धड सरला नव्हता. शाळेत सातवीच्या पोरांना पचनसंस्था शिकवत फळ्यापाशी उभी होते आणि पाय ओले झाले. पाटोद्याहून बीड गाठेपर्यंत माझी अर्धी शुद्ध गेली होती. लेकीचं वजन भरलं सोळाशे ग्रॅम. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत तिची लांबी. सोळा दिवस ती काचेच्या पेटीत राहिली, नाकातून नळी, नळीतून माझं दूध. नंतर नळी काढली आणि पळीनं पाजायला शिकवलं, कारण अंगावर घेतली की चार घोट ओढायची आणि दमून झोपून जायची. ओढायचंसुद्धा तिला काम होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. पोटात शेवटच्या दोन महिन्यांत लेकराच्या अंगावर जे चढतं, ते हिला आता बाहेर चढवायचंय, आणि ते तुमच्या दुधानंच चढणार. दर दोन तासांनी तीस मिली, हळूहळू वाढवत जायचं. रोजचे वीस-पंचवीस ग्रॅम वाढले पाहिजेत. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, वरचं दूध नाही. सिस्टरनं हातानं दूध कसं काढायचं ते शिकवलं. आणि काय सांगू, दूध मला चांगलं येत होतं! एका बैठकीला साठ-सत्तर मिली सहज. दिवस पुरे भरता आले नाहीत म्हणून स्वतःला रोज कोसत होते, पण वाटी भरली की जरा बरं वाटायचं. अठराशेवर वजन गेल्यावर आम्हाला सोडलं आणि मी माहेरी आले.

माहेरचं घर सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीला सोडून आले. भिंतीवर दोन तसबिरी, रोज संध्याकाळी वंदना, आणि लिंबू-मिरची, काळी बाहुली, उपासतापास यातलं काही म्हणता काही नाही. शेजारच्या बायका दृष्ट काढायला लागल्या की आई त्यांना हसायची. "लेकराला ताप आलाय तर डाक्टरकडं न्या, मिरच्या काय जाळता!" मला विज्ञानाची गोडी लागली ती आईमुळं. शाळेत अंधश्रद्धेवर मी जे तावातावानं बोलते, त्यातलं अर्धं आईचंच आहे.

बाळंतिणीनं सव्वा महिना एका खोलीत राहायचं, एवढं मात्र आमच्यातही पाळतात. विटाळ आम्ही मानत नाही, वारं मानतो. तर मला मागच्या खोलीत ठेवलं, कानाला फडकं, दार लोटलेलं, सकाळ-संध्याकाळ बाजेखाली शेगडी. त्या शेकाचा धूर व्हायचा. आई म्हणाली, "ह्या धुरात एवढंसं लेकरू नगं. दिवसाचं दूध तू काढून दे, मी तिला मागं अंगणात घेऊन पाजते. कोवळं ऊन बी लागंल." लेकीला दवाखान्यात कावीळ झाली होती, त्यामुळं उन्हाचं मला पटलं. धुराचं तर पटलंच पटलं. मला वाटलं, बघा, माझी आई शिकलेली नसून किती शहाणी आहे. दिवसाची पाच पाजणी तिच्याकडं आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत माझ्याकडं, असं ठरलं. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढायचं, वर धुतलेलं फडकं टाकायचं, आणि आईच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात लेक द्यायची. तीस मिली हिला, उरलेलं झाकून पुढच्या वेळेला. मी यादी वाचून दाखवली होती. आईनं मान हलवली होती.

घरात आणखी एक लेकरू होतं. माझा धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत, आणि भावजय चार महिन्यांच्या पोराला घेऊन आईजवळ. तिला टायफॉइड झाला, त्यात तिचं दूध आटलं. पोराला पिशवीचं दूध द्यायला लागले तर ते त्याला अजिबात चालेना. ओकायचा, तोंड फिरवायचा, घर डोक्यावर घ्यायचा. मी आत पडल्या पडल्या ऐकायची. मग मी माहेरी आल्यावर आठवड्याभरात त्याचं रडणं एकाएकी थांबलं. मी आईला विचारलंसुद्धा, "मानवलं वाटतं त्याला पिशवीचं?" आई म्हणाली, "हां, लागलं बाई एकदाचं तोंडाला." मी म्हणाले, सुटलीस गं बाई!

गावातली आशाताई दर आठवड्याला झोळीचा काटा घेऊन यायची. पहिल्या आठवड्याला वजन झकास वाढलं. दुसऱ्या आठवड्याला तीस ग्रॅम. सात दिवसांत फक्त तीस! तिसऱ्या आठवड्याला वीस ग्रॅम उतरलं. आशाताईनं काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा झोळी लावली. आकडा तोच. मी रडायला लागले. आई दारात उभी होती. म्हणाली, "उगी. आठव्याचं लेकरू असंच असतंय." आणि मग, "तुजंच दूध पातळ असंल."

हे वाक्य मी आईला कधीही माफ करणार नाही. बाकीचं कदाचित करीन, हे नाही. कारण मी ते खरं मानलं! पुढचे आठ दिवस मी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, लसणाची चटणी, जे पुढ्यात येईल ते कोंबत होते. मला उलटी यायची, तरी खायचे. वाटीत दूध काढलं की उजेडात धरून बघायचे, पातळ आहे का, पांढरं आहे का, निळसर दिसतंय का. विज्ञानाची शिक्षिका! स्वतःच्या दुधाकडं संशयानं बघत बसलेली. आणि आई समोर बसून माझ्या डोक्याला तेल लावत होती. म्हणत होती, "खा गं, खा, दुधाला घट्टपणा येईल."

चौथ्या आठवड्याला वजन जागच्या जागी. आशाताई आमच्याच गावातली, चार बुकं शिकलेली, पण डोक्यानं तल्लख. तिनं भाच्यालाही वजन करायला घेतलं आणि म्हणाली, "ह्याचे गाल तर लई भरले की!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, मला एकदा हिला पिताना बघायचंय. माझ्यासमोर पाजा." मी दूध काढलं. तिच्यासमोर आईनं पळीनं पाजलं. लेक तीस मिली प्याली, वर आणखी पाच. ओकली नाही, ढेकर दिली आणि तास-दीड तास गाढ झोपली. आशाताई तोवर बसून होती. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हिला पिता येतंय, पचतंय बी. मग जातंय कुठं?" आणि पुढं म्हणाली, "सोमवारपर्यंत वाढलं न्हाई तर मी स्वतः बीडला नेणार. परत पेटीत टाकावं लागंल. दोन किलोच्या आत लेकरू सुकायला लागलं की लई लवकर हातातनं जातंय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं पाजणं. आई वाटी आणि लेक घेऊन गेली, आणि माझ्या लक्षात आलं, लेकीचे व्हिटॅमिनचे थेंब द्यायचे राहिले. हाक मारली, कुणी ओ दिली नाही. घरी आल्या दिवसापासून मोजलेला सव्वा महिना व्हायला अजून आठवडा होता. मी म्हटलं, जाऊ दे वारं, नि उठले. थेंबांची बाटली घेऊन मागच्या दारानं अंगणात आले.

शेवग्याच्या सावलीत आई बसली होती. मांडीवर भाचा. हातात माझी वाटी, त्यातलं दूध आई पळीनं त्याच्या तोंडात घालत होती आणि तो पाय उडवत पीत होता. माझी लेक बाजूला वाकळेवर उन्हात पडलेली. तिच्या उशाशी दुसरी वाटी. मी खाली बसून ती वाटी उचलली. गाईचं दूध होतं, अर्धंअधिक पाणी, तळ दिसत होता. बोट बुडवून चाखलं तर साखर लागली. माझी लेक त्या पाण्याकडं तोंड करून ओठ हलवत होती.

भावजय धुणं वाळत घालत होती. तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. ती आधी बोलली. "ताई, मी न्हाई म्हणलेवते. आईनी ऐकलं न्हाई." म्हणजे तिलाही माहीत होतं. तीन आठवडे रोज दोन वाट्या तीच घासत होती, आणि रोज माझ्या ताटात भाकरी वाढताना विचारत होती, ताई, अजून वाढू का?

मी ती वाटी भिरकावली. कुठं पडली कोण जाणे. मी ओरडले, "कावून केलंस? कावून केलंस गं असं?"

आईनं भाच्याला खांद्यावर घेतलं, त्याची पाठ थोपटली. आधी त्याची ढेकर काढली तिनं! मग म्हणाली, "तिला जड दूध सोसत न्हाई. पातळच बरं."

"खोटं बोलू नकोस!"

"ती आठव्याची हाय," आई म्हणाली. "आठव्याचं लेकरू ऱ्हात न्हाई. सातव्याचं ऱ्हातं, नवव्याचं ऱ्हातं, आठव्याचं न्हाई. सगळ्यांना ठाव हाय."

मला वाटलं मी चुकीच्या घरात आले. हीच बाई मिरच्या जाळणाऱ्यांना हसायची. आजोबांनी देव नदीला सोडले, पण हे कुणाच्या नजरेला पडलं नाही, हे हिच्या पोटात तसंच राहिलं.

मग तिनं सांगितलं. माझ्याआधी तिला एक पोरगी झाली होती. आठव्या महिन्यात. "नऊ दिवस छातीला धरून बसले. सगळं पाजलं, निजले न्हाई. दहाव्या दिशी गेली. मला ठाव हाय ते कसं असतंय. तुजी बी जाणार. मग हे धडधाकट लेकरू कशाला उपाशी मारायचं? जे ऱ्हाणार हाय त्याला तरी पोटभर पडू दे." आवाज चढवला नाही तिनं. पीठ मळताना बोलावं तशी बोलली. "तुज्या दुधात पिशवीचं मिसळलं की ह्यो पितो. नुसतं पीत न्हाई."

मला एक बहीण होऊन गेली हे पस्तीस वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं कधी, तर माझ्या लेकीला उपाशी ठेवल्याचं कारण म्हणून. आणि तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढं आलं की भाच्याला आईनं हातानं पाच टोपडी शिवली होती. माझ्या लेकीला एकही नाही. मीच म्हणत होते, असू दे, दवाखान्याची टोपी आहे की.

"माझ्याकडं मागायचं होतंस!" मी म्हणाले. "मी दोघांना पाजलं असतं. ऊर फुटेस्तोवर पाजलं असतं!"

आई म्हणाली, "न्हाई दिलं असतंस."

मी लेकीला उचललं, आत आले, नवऱ्याला फोन लावला. तो पाटोद्याला होता, कंडक्टरची ड्युटी नुकतीच संपली होती. मी एवढंच म्हणाले, गाडी घेऊन ये, आत्ता.

लेक आता पाच वर्षांची आहे. बीडला परत पेटीत टाकावं लागलं नाही. आमच्या घरी पाटोद्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं, आणि नवरा काट्यापुढं उभा राहून टाळ्या वाजवत होता. चालायला उशिरा लागली, बोलायला लवकर. आता बोलायची थांबत नाही, माझ्यावर गेलीय. आई बारशाला आली नाही, मी बोलावलं नाही. भावाच्या फोनवरून ती बोलायचा प्रयत्न करते, "लेक कशी हाय गं?" मी फोन नवऱ्याकडं देते. नातेवाईक म्हणतात, म्हातारी बाई, अडाणी, झालं गेलं सोडून दे. तिचंही एक लेकरू गेलं होतं, दुखावलेली होती. असेल. मलाही कधी कधी तिची कीव येते, नऊ दिवस जागी बसलेल्या त्या पोरवयाच्या आईची. मग मला तेलाच्या वाटीत बुडवलेली तिची बोटं आठवतात, "तुजंच दूध पातळ असंल" आठवतं, आणि कीव उडून जाते. माझ्याशी बेइमानी केली तिनं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

इथवरचं मी बऱ्याच जणींना सांगितलंय. शाळेतल्या बायका ऐकून "अगं माय!" म्हणतात, तोंडाला पदर लावतात. मला बरं वाटतं. गाडी यायच्या आधीचा एक तास मात्र मी कुणाला सांगत नाही.

सामान बांधून, लेकीला मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले होते. बारा वाजले आणि भाचा रडायला लागला. त्याची वेळ झाली होती. भावजयीनं त्याला पिशवीचं दूध दिलं, त्यानं थुंकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा थुंकलं. मग तो जो ओरडायला लागला, त्याचा आवाज बसला तरी थांबेना. त्या रडण्यानं माझा ऊर भरून आला, दोन्हीकडून. ब्लाउज भिजला, पदर भिजला. अंगाला काय कळतं कोण कुणाचं?

मी लेकीला छातीशी धरलं. दूध आपसूक वाहत होतं, तिला ओढावं लागलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती न दमता प्याली. गटागटा, ओठाच्या कडेनं ओघळ येईपर्यंत. आणि दुसऱ्या बाजूनं दूध ठिपकत होतं, माझ्या लुगड्यावर, तिथून फरशीवर.

आई आतून वाटी घेऊन आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, वाटी पुढं केली. "तिचं देऊ नगंस. हे सांडतंय तेवढं तरी दे. त्याचा काय गुन्हा हाय?"

काहीच नव्हता. चार महिन्यांचं लेकरू ते. वाटी धरायला मला हातसुद्धा लावावा लागला नसता, आईनंच धरली असती. मी पदराचा बोळा करून छातीवर दाबून धरला. दूध पदरात मुरत राहिलं, फरशीवर पडत राहिलं. आई वाटी घेऊन तशीच बसली होती. आत भाचा रडत होता आणि मी माझ्या लेकीच्या गिळणाऱ्या गळ्याकडं बघत होते, दुसरीकडं कुठंही नाही. गाडी आली तेव्हा मी उठले. फरशीवर रुपयाएवढाले डाग पडले होते, आणि आईच्या हातातली वाटी कोरडी होती.